दारूचे दुकान, पंच्याहत्तर मीटर आणि आपले विहार

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वसाहतीच्या नाक्यावरील एका रिकाम्या गाळ्याला नवे शटर बसले. कोणी म्हणाले मेडिकल येणार, कोणी म्हणाले मोबाईलचे दुकान. आठ दिवसांनी फलक लागला तेव्हा उलगडा झाला. बाजारपेठेत रस्तारुंदीकरणात गेलेले विदेशी मद्याचे जुने दुकान आमच्या नाक्यावर येत होते. त्या संध्याकाळी मी विहाराच्या पायरीपासून दुकानाच्या शटरपर्यंत पावले मोजली. बावन्न भरली. मनात म्हटले, काम सोपे आहे. धार्मिक स्थळापासून पंच्याहत्तर मीटरच्या आत दुकान चालत नाही, हे तर वर्तमानपत्रात अनेकदा वाचलेले.

रविवारी वंदनेनंतर बैठक झाली, निवेदन लिहिले, दोनशेच्या वर सह्या जमल्या. आम्ही सात-आठ जण ते घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. अधिकारी सौजन्याने बोलले. निवेदन वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या विहाराची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे का? क्रमांक द्या."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आमचे विहार १९८४ साली वस्तीतील लोकांनी वर्गणी काढून बांधले. कोणी विटा दिल्या, कोणी सिमेंटची गोणी दिली, बायकांनी पाणी वाहिले. चाळीस वर्षे तेथे वंदना होते, मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, लग्ने लागतात. पण कागदावर ते नव्हतेच. दुकान आले, आणि हा लेख लिहीत असताना ते चालू आहे. त्या धावपळीत जे नियम वाचावे लागले, ते आपल्या संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना माहीत असावेत, एवढाच या लेखाचा हेतू. मी कायद्याचा पदवीधर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. परंतु कागद वाचण्याची सवय आहे.

प्रथम पाया पाहू. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये, मादक पेयांच्या सेवनावर औषधी कारणाखेरीज बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्रात शिकलेले असेलच. आपल्या राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू आहे. आता तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. नाव दारूबंदीचे असले तरी त्याची रचना अशी की मुळात सर्व बंद, आणि परवाना असेल त्याला मोकळीक. म्हणून दारूविक्रीचा प्रत्येक प्रकार एखाद्या परवान्याखाली येतो. देशी दारूच्या किरकोळ दुकानाला सी.एल. ३, विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्या विकणाऱ्या दुकानाला एफ.एल. २, परमिट रूमला एफ.एल. ३ आणि बिअर शॉपीला एफ.एल.बी.आर. २ असे म्हणतात. निवेदन लिहिताना 'दारूचे दुकान' एवढेच न लिहिता परवान्याचा प्रकार लिहावा. नाहीतर कोणता नियम लावायचा यावरच पहिला महिना जातो.

दुकानदार नेहमी म्हणतो की धंदा करण्याचा मला हक्क आहे. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, मादक पेयांचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही; शासन त्यावर पूर्ण बंदी घालू शकते किंवा अटी घालून परवानगी देऊ शकते. म्हणजे आपण नियमाबद्दल बोलतो तेव्हा कोणाच्या हक्कावर गदा आणत नसतो, शासनाने घातलेल्या अटींबद्दल बोलत असतो. हा फरक बैठकीत शांतपणे सांगता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. किरकोळ विक्रीच्या दुकानांचे नवे परवाने देणे महाराष्ट्र शासनाने १९७० च्या दशकापासून जवळजवळ थांबवले. त्यामुळे आपल्या नाक्यावर 'नवे' दुकान येते ते बहुधा नवे नसते. जुनाच परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलेला असतो. याला स्थलांतर म्हणतात. जेथून दुकान उठते तेथील लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते कोठे गेले हे विचारत नाहीत. आमच्या अनुभवाने सांगतो, ते बहुधा तेथे जाते जेथे गाळ्याचे भाडे कमी आणि हरकत घेणारा माणूस कमी. ही दोन्ही लक्षणे कोणत्या वस्त्यांना लागू पडतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. हरकत घ्यायची ती स्थलांतराचा अर्ज विचाराधीन असताना. शटर उघडल्यावर घेतलेली हरकत ही तक्रार ठरते, आणि तिला फार कमी वजन असते.

आता त्या पंच्याहत्तर मीटरकडे येऊ. विदेशी मद्याच्या दुकानाबाबतच्या नियमांत, शैक्षणिक संस्था, धार्मिक संस्था किंवा एस.टी.चे स्थानक यांपासून पंच्याहत्तर मीटरच्या आत परवाना देऊ नये अशी अट आहे. देशी दारूसाठी १९७३ ची वेगळी नियमावली आहे आणि तिच्यातही अंतराची अट आहे, म्हणून परवान्याचा प्रकार पाहूनच आकडा लिहावा. पण आकड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत त्या नियमातल्या व्याख्या. आम्ही तेथेच अडलो.

'धार्मिक संस्था' म्हणजे काय? त्यात मंदिर, मठ, मशीद, चर्च, सिनॅगॉग, अग्यारी किंवा सार्वजनिक उपासनेचे अन्य स्थान येते. विहार 'अन्य स्थान' या शब्दांत बसते, याबद्दल वाद नाही. परंतु पुढची अट अशी की त्या स्थानाची मालकी किंवा व्यवस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाकडे असली पाहिजे. नोंदणी नसेल तर चाळीस वर्षांची वंदना, भिंतीवरचा धम्मचक्राचा शिक्का, आत असलेली बुद्धमूर्ती यांपैकी काहीही मोजले जात नाही. आमच्या मंडळींना त्या दिवशी फार राग आला. एक ज्येष्ठ उपासिका म्हणाल्या, "अरे, चौदा ऑक्टोबरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे, आणि यांना आमचे विहार दिसत नाही?" त्यांचे म्हणणे मनाला पटते. पण मी त्यांना म्हटले, "मावशी, माझ्या काउंटरवर ओळखीचा माणूस आला आणि पासबुक नसले तर मीही पैसे देऊ शकत नाही." त्यांना माझे उत्तर आवडले नाही. खरे सांगायचे तर मलाही आवडले नाही. तरी नियम तसा आहे.

'शैक्षणिक संस्था' या शब्दाचेही तेच. स्थानिक संस्था, राज्य किंवा केंद्र शासनाने चालवलेली अगर मान्यता दिलेली पूर्वप्राथमिक, प्राथमिक वा माध्यमिक शाळा आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय एवढेच त्यात येते. खासगी शिकवणी वर्ग येत नाहीत. आमच्या विहारात चालणारी बालवाडी दोन भगिनी विनामूल्य चालवतात. मान्यता नाही, म्हणून ती शाळा नाही. संध्याकाळचा अभ्यासवर्ग तर नाहीच नाही, मग त्यात दहावीची पंचवीस मुले बसत असोत.

गल्लीच्या टोकाला नगरपरिषदेची मान्यताप्राप्त शाळा होती, म्हणून आम्ही तिकडे वळलो. येथे मोजण्याची रीत आडवी आली. अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजत नाहीत. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून, पायी चालणारा माणूस सर्वसाधारणपणे ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, संस्थेच्या जवळच्या फाटकाच्या मध्यबिंदूपर्यंत मोजतात. आवाराला भिंत नसेल तर इमारतीच्या जवळच्या दारापर्यंत. शाळेचे मागचे फाटक दुकानापासून अगदी जवळ होते, पण ते कित्येक वर्षे कुलूपबंद. पुढच्या फाटकापर्यंत अंतर भरले एक्याऐंशी मीटर. मागचे फाटक वापरात असते तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. शाळेचे फाटक सुरक्षेसाठी बंद ठेवतात हे योग्यच आहे, पण त्याचा असाही परिणाम होतो हे कोणाच्या डोक्यात येणार?

चालण्याच्या वाटेने मोजण्याच्या या पद्धतीचा एक मासलेवाईक किस्सा २०१७ साली केरळातून आला. एर्नाकुलमजवळ परवूर येथील एका बारचालकाने महामार्गापासून बारच्या दारापर्यंत नागमोडी बोळ बांधून घेतला. माणूस वळसे घेत घेत चालला की अंतर वाढते! देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली. हसू येते खरे, पण अंतर हे कायद्यात जमिनीवर नव्हे तर वाटेवर असते, हे त्यावरून चांगले समजते.

ही घटना घडली ती महामार्गाच्या निकालामुळे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीस मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांच्या क्षेत्रात हे अंतर २२० मीटर केले. त्याच वर्षी ११ जुलैला न्यायालयाने स्पष्ट केले की नगरपालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश आड येत नाही. २०१८ मध्ये, ग्रामपंचायत क्षेत्र पुरेसे विकसित आहे की नाही हे ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. म्हणून आज कोणी सभेत उभे राहून "पाचशे मीटरचा निकाल आहे" असे ठोकून सांगितले, तर त्याला विचारावे की दुकान कोणाच्या हद्दीत आहे. शहरातील आपल्या बहुतेक सभासदांना त्या निकालाचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आमची उरलीसुरली आशा संपली. अंतराची अट परवाना देताना किंवा जागा बदलताना पाहिली जाते. दुकान आधी आणि शाळा किंवा विहार नंतर, असा क्रम असेल तर नियम मागे जाऊन लागू होत नाही. आमच्या विहाराची नोंदणी आता पूर्ण झाली आहे. प्रमाणपत्र काचेत बसवून भिंतीवर लावले आहे. नाक्यावरच्या दुकानाला त्याने काही फरक पडत नाही. त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या दुकानाच्या वेळी होईल.

मग चालू दुकान बंद करण्याचा मार्ग कोणता? तो मतदानाचा. लोक त्याला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. राज्य शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील किंवा प्रभागातील एकूण मतदारांपैकी अगर एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के मतदारांनी सही करून मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला पन्नास टक्क्यांहून अधिक मते मिळाली तर परवाना बंद होतो. राज्यातील कितीतरी गावांत भगिनींनी या मार्गाने दुकाने बंद केली आहेत. (वर्धा, गडचिरोली या जिल्ह्यांतील दारूबंदी हा वेगळा विषय आहे, तो संपूर्ण जिल्ह्यापुरता शासनाचा निर्णय असतो. चंद्रपूरची बंदी अशीच २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली.)

या पन्नास टक्क्यांत एक मेख आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात समजून घेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. हे पन्नास टक्के झालेल्या मतदानाचे नाहीत. यादीतील एकूण मतदारांचे आहेत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका प्रभागाच्या यादीत ४,००० महिला मतदार आहेत. मागणीसाठी १,००० सह्या हव्यात आणि दुकान बंद करण्यासाठी २,००१ मते हवीत. त्या दिवशी साठ टक्के मतदान झाले, म्हणजे २,४०० बायका आल्या, तर त्यांतील २,००१ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे आलेल्यांपैकी त्र्याऐंशी टक्क्यांहून अधिक. जी घरी बसली ती न बोलता उभ्या बाटलीकडे गेली.

यादीत आणखी कोण असते? लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, घर सोडून गेलेले भाडेकरू, आणि ज्यांचे पुण्यानुमोदनही होऊन गेले आहे अशा वृद्धा. समजा या ४,००० मध्ये अशी ६०० नावे आहेत. ती कधीच मतदानाला येणार नाहीत, पण एकूण आकड्यात मोजली जातात. ३,४०० जिवंत आणि हजर बायकांपैकी २,००१ म्हणजे जवळजवळ एकोणसाठ टक्के गाठावे लागतात. मेलेल्या माणसाचे नाव यादीत राहिले तर ते दारूच्या दुकानाला मत देते, असे मी आमच्या बैठकीत म्हटले तेव्हा काही जण हसले. नंतर हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा कोणी हसले नाही.

आमची मागणी सह्यांच्या पडताळणीतच अडकली. येथे माझा पेशा उपयोगी पडायला हवा होता, पण मला उशिरा सुचले. सही नमुन्याशी जुळली नाही तर चेक परत करणे हे माझे रोजचे काम. तरीही आमच्या मुलांनी घरोघर फिरून आणलेले कागद मी न तपासता बांधून दिले. यादीत माहेरचे नाव आणि कागदावर सासरचे. एकाच हाताने केलेल्या चार जावांच्या सह्या. अंगठा आहे पण कोणाचा ते लिहिलेले नाही. यादीतील अनुक्रमांक कोठेच नाही. जवळपास एक तृतीयांश सह्या बाद झाल्या आणि आम्ही पंचवीस टक्क्यांच्या खाली आलो. मतदान झालेच नाही. मुलांनी दोन महिने केलेली पायपीट वाया गेली, त्याला जबाबदार मी आहे, दुकानदार नव्हे.

मोठ्या शहरांतील सभासदांनी आणखी एक लक्षात घ्यावे. गावात हे काम आवाक्यातले असते, कारण मतदार शेकड्यांत किंवा एक-दोन हजारांत असतात. महानगरपालिकेचे प्रभाग फार मोठे असतात, तेथे चार गल्ल्यांच्या त्रासासाठी साऱ्या प्रभागातील बायकांना बाहेर काढणे कठीण. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क मंत्र्यांनी विधानसभेत निवेदन करताना महापालिका प्रभागाबाबत झालेल्या मतदानाच्या पंच्याहत्तर टक्के असा उल्लेख केला. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतील गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान आणायचे तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असेही त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. म्हणून कोणतीही मोहीम सुरू करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेल्या आदेशाची प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी मागावी. माझ्या या लेखावर विसंबून राहू नये. नियम बदलतात, स्मरणिका कपाटात तशीच राहते.

आता कामाच्या गोष्टी. ज्या वस्तीत विहार आहे तेथील कार्यकर्त्यांनी प्रथम नोंदणीचे कागद काढून पाहावेत. पुष्कळ ठिकाणी मंडळ नोंदलेले असते, पण ते विहाराची व्यवस्था पाहते असे कोठेच लिहिलेले नसते. किंवा विश्वस्तांपैकी निम्मे दिवंगत असतात आणि बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात कोणी दिलेलाच नसतो. विहार ज्या जागेवर आहे ती जागा न्यासाच्या मालमत्तेच्या नोंदीत आली आहे का, हेही पाहावे. बालवाडी चालवत असाल तर मान्यतेसाठी काय लागते याची चौकशी करावी. ही कामे दुकान येण्याच्या आधी करायची आहेत.

नाक्यावर दुकान येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक या दोघांच्या नावे लेखी हरकत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणालाही आठवत नाही. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्थळपाहणीचा अहवाल व मोजणीचा नकाशा मागता येतो. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांनी हा अर्ज स्वतः लिहून पाहावा, निबंधापेक्षा जास्त शिकायला मिळेल. मोजणीच्या वेळी आपला माणूस टेपजवळ हजर असावा. फाटक कोणते धरले, वाट कोणती धरली, हे तेथल्या तेथे लिहून घ्यावे.

सध्या आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडलेले असते. त्यावर मतदारयादीची प्रत आणि तीन प्रकारचे नमुने असतात. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६, मृत किंवा गाव सोडून गेलेल्यांचे नाव वगळण्यासाठी नमुना ७, नाव-पत्त्यात दुरुस्तीसाठी नमुना ८. महाविद्यालयातील दोन मुली घरोघर जाऊन यादी ताडून पाहतात आणि संध्याकाळी माझ्याकडे कागद देतात. आता प्रत्येक सहीसमोर अनुक्रमांक असल्याशिवाय मी कागद स्वीकारत नाही. मावशी म्हणतात, "हा आता बँकेतल्यापेक्षा इथेच जास्त कडक झालाय." त्यांच्या स्वतःच्या नावात यादीत चूक निघाली, 'रमाबाई'चे 'रामाबाई' झालेले. त्यांचा नमुना ८ गेल्या रविवारी भरून दिला.